सातव्या प्रकरणाच्या तीन ओळी

"ताई, सातव्या प्रकरणाच्या तळटिपा येतायत ना आज?"

सकाळी पावणेअकराला हा मेसेज आला तेव्हा मी दुसऱ्याच एका हस्तलिखितात मान घालून बसले होते. तळटिपा? त्या तर १९ तारखेला द्यायच्यात, आज १३. फोन उघडला. टास्कच्या यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं: 'प्र. ७ तळटिपा तपासणे, १९'. मग उगाच खात्री करावी म्हणून पुस्तकाची नोट उघडली. तिथेही ती ओळ होती, पण तिथे तारीख होती १२. माझ्याच हातानं बदललेली, आठवडाभरापूर्वी, फोनवर 'हो हो, चालेल' म्हणता म्हणता. आठवड्याच्या यादीत तिसरी ओळ सापडली. तिला तारीखच नव्हती, नुसतं 'प्र. ७ तळटिपा!!'. घाईचं काम आहे एवढं मला कधीतरी कळलं होतं, याचा तो पुरावा.

मी पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. एका वेळी चार-पाच पुस्तकं हातात असतात. दुसऱ्याच्या मजकुरात पान ४१ वर १९०६ आणि पान १८७ वर १९०८ असं एकाच घटनेचं वर्ष दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो, त्याचेच मला पैसे मिळतात. आणि माझ्या स्वतःच्या यादीत एकाच कामाच्या तीन ओळी तीन वेगळ्या गोष्टी सांगत बसल्या होत्या.

तळटिपा त्या दिवशी रात्री दीड वाजता गेल्या. दुसऱ्या दिवशी मी सगळं बाजूला ठेवून मोजायला बसले. उघडी कामं निघाली ११४. त्यातली ३१ एकापेक्षा जास्त ठिकाणी. त्या ३१ मधल्या ११ कामांत कुठे ना कुठे तफावत होती: तारीख वेगळी, शब्द वेगळे, किंवा एकीकडे टिक आणि दुसरीकडे कोरा चौकोन.

आधी मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. मग एकेक ओळ बघत गेले तेव्हा लक्षात आलं की यातली एकही नक्कल मी आळसानं केलेली नाही. पुस्तकाची नोट मला विचारते, या पुस्तकाचं अजून काय उरलंय? आठवड्याची यादी विचारते, आधी काय आणि मग काय? फोन काही विचारत नाही, तो ठरल्या वेळी नुसता गुरगुरतो. आणि मीटिंगच्या टिपणात तीच ओळ असते, कारण ते काम तिथेच जन्माला आलेलं असतं. चारही ठिकाणी तिची गरज आहे. 'सगळं एकाच यादीत ठेवा' हा सल्ला देणाऱ्यांकडे बहुतेक एकाच प्रकारचं काम असावं.

माझा भाचा प्रोग्रामर आहे. त्याला ही तीन ओळींची कथा सांगितली तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"मावशी, तू कॉपी करतेस. कॉपी केली की गोष्ट दोन होते. लिंक करायची."

आणि त्यानं लॅपटॉप उघडून मला फाइल म्हणजे काय ते दाखवलं. मी इतकी वर्षं समजत होते की फाइलचं नाव म्हणजे फाइल. युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात तसं नसतं. मजकूर कुठे ठेवलाय, किती मोठा आहे, कोणाच्या मालकीचा आहे, याची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. नाव फक्त त्या नोंदीकडे बोट दाखवतं. दोन नावांनी एकाच नोंदीकडे बोट दाखवलं की झाली हार्ड लिंक. अशी किती नावं आहेत याचा आकडाही तिथेच असतो. एक नाव पुसलं की दोनाचा एक होतो, मजकुराला धक्का लागत नाही. शून्य झाला की जागा मोकळी. दुसरी असते ती सिम्बॉलिक लिंक. तिच्यात मजकूर नसतो, नुसता पत्ता असतो. मूळ फाइल हलवली की पत्ता खोटा ठरतो.

"म्हणजे पहिली एका माणसाची दोन नावं, आणि दुसरी 'शेजारी चौकशी करावी' अशी दारावरची चिठ्ठी?"

"अगदी."

मग त्यानं प्रात्यक्षिक केलं. एका फाइलला दोन नावं दिली, एका नावानं ती एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, उघडली, ओळ बदलली, सेव्ह केली आणि दुसऱ्या नावानं उघडून दाखवली. ओळ बदललेलीच नव्हती. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन मिनिटं खुडबुड केल्यावर त्याला आठवलं: बरेच एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. वीज गेली, प्रोग्राम बंद पडला तर अर्धवट फाइल राहू नये म्हणून ते आधी नवी फाइल लिहितात आणि मग तिला जुनं नाव देतात. नवी फाइल म्हणजे नवा आयनोड. दुसरं नाव बिचारं अजून जुन्याकडेच बोट दाखवत उभं. कुणी काही बोललं नाही, इशारा दिला नाही, आणि जोडी फुटली.

ही गंमत मला त्या वेळी नुसती गंमत वाटली. पण पुढे जे जे झालं त्यात ती पुन:पुन्हा आठवली.

या दुखण्याला नाव आहे आणि वयही आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसच्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीवर, जो निबंध लिहिला, त्याचा दुसरा भागच मुळी पुनरावृत्ती आणि सुसंगती यांच्यावर आहे. एकच माहिती दोन जागी साठवली की कधीतरी एक जागा बदलेल आणि दुसरी राहील. डेटाबेसवाले याला अपडेट अ‍ॅनॉमली म्हणतात. मी 'प्र. ७' म्हणते. त्याच्याही आधी, १९६० पासून, टेड नेल्सन झनाडू नावाचा प्रकल्प घेऊन बसले होते. हायपरटेक्स्ट, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारता येणारा मजकूर, हा शब्द त्यांचाच, १९६५ चा. त्यांना हवं होतं ते असं की एका दस्तऐवजातला तुकडा दुसऱ्यात दिसावा, पण त्याची नक्कल होऊ नये आणि मूळ कुठलं ते कायम कळावं. त्यासाठी त्यांनी पुढे ट्रान्सक्लूजन असा शब्द घडवला. आज नोट्सच्या अ‍ॅपमध्ये 'एम्बेड' किंवा 'सिंक्ड ब्लॉक' म्हणून जे मिळतं ते या कुळातलं.

आणि ज्यांच्याकडे काँप्युटर नव्हता त्यांनी काय केलं? समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या लाकडी खणांत सुमारे ९०,००० कार्डं होती. प्रत्येक कार्डाला क्रमांक, प्रत्येकाची जागा ठरलेली. एखादा विचार दुसरीकडे लागला तर तिथे ते त्या कार्डाचा क्रमांक लिहीत. हे वाचून मी जरा ओशाळले. माझ्याकडे सर्चचं बटण असूनही मी सगळं पुन:पुन्हा लिहीत होते.

तर मी उत्साहात कामाला लागले. तीन आठवडे मी दुसरं काही बोलत नव्हते, घरचे साक्षीदार आहेत. जी जी अ‍ॅप्स हे करतात ती उघडून बघितली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली: 'लिंक' या एका शब्दाखाली तीन निराळे प्रकार विकले जातात.

पहिला प्रकार आरशाचा. वर्कफ्लोईत त्याला मिररच म्हणतात. एका ओळीचा मिरर दुसऱ्या जागी ठेवला की कुठेही बदल करा, सगळीकडे होतो. आरशातल्या माणसाचे केस विंचरले तर खऱ्याचे विंचरले जातात, असा हा आरसा. नोशनमध्ये ब्लॉक कॉपी करून पेस्ट करताना सिंक करण्याचा पर्याय निवडला की तेच होतं, आणि अशा ब्लॉकमध्ये टाइप करताना भोवती लाल चौकट दिसते. ती लाल चौकट मला फार आवडली. 'बाई, तू आता एका जागी लिहीत नाहीयेस' हे ती सांगते.

दुसरा प्रकार खिडकीचा. ऑब्सिडियनमध्ये ओळीच्या शेवटी टोपीसारखी ^ खूण आणि तिच्यापुढे एक छोटा सांकेतिक शब्द असतो. दुसऱ्या नोटमध्ये तो दिला की तीच ओळ तिथे दिसते. दिसते, पण बदलायची असेल तर मूळ ठिकाणी जावं लागतं. सुरुवातीला ही मला उणीव वाटली होती. आता मत बदललंय, ते पुढे येईलच.

तिसरा प्रकार चाळणीचा, आणि हा बराच जुना आणि सगळ्यांत कमी डोकं खाणारा. १९८८ साली लोटस अजेंडा नावाचा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा प्रोग्राम आला होता. त्यात नोंद एकच असायची आणि ती हव्या तितक्या वर्गांत टाकता यायची. जो वर्ग उघडाल त्यात ती दिसणार, पण आत एकच. आजच्या अ‍ॅपमधले टॅग आणि फिल्टर हेच करतात. असानामध्ये एक टास्क अनेक प्रोजेक्टांत राहू शकतो. मायक्रोसॉफ्ट टू डू मधलं 'माय डे' तसंच: काम आपल्या मूळ यादीतच असतं, आजच्या पानावर फक्त दर्शन देतं. रात्री पान कोरं होतं, काम जागच्या जागी.

मी अर्थातच आरसा निवडला. कारण तो सगळ्यांत चमकदार होता.

पहिले दहा दिवस स्वर्ग. पुस्तकाच्या नोटमध्ये टिक केलं की आठवड्याच्या यादीत टिक. तारीख इथे बदला, तिथे बदलली. मग आला शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची यादी रिकामी करायची माझी जुनी सवय आहे. झालेलं पुसायचं, न झालेलं पुढच्या आठवड्यात न्यायचं. मी नेहमीप्रमाणे 'निर्देशसूची' या ओळीखालच्या नऊ पोटओळी निवडल्या, डिलीट दाबलं आणि चहाला उठले. परत येऊन पुस्तकाची नोट उघडली तर निर्देशसूचीखाली काहीही नाही. आरसा काढून टाकला असता तर फक्त आरसाच गेला असता. मी आरशाच्या आत जाऊन पुसलं होतं, म्हणजे खरंच पुसलं होतं. जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या होत्या म्हणून नऊच्या नऊ परत मिळाल्या. पण माझ्या बोटांना वर्षानुवर्षं माहीत होतं की आठवड्याची यादी म्हणजे कच्चं काम, तिथे काहीही पुसलं तरी चालतं. ते आता खरं राहिलं नव्हतं आणि बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं.

हे तरी माझ्याच घाईचं फळ. दुसरा प्रसंग जास्त वाईट, कारण त्यात मी एका भल्या लेखकाला खोटं ठरवलं.

एका तांत्रिक पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची जोडायची होती. पहिल्या मीटिंगमध्ये ठरलं १२ पानं. मी मीटिंगच्या टिपणात लिहिलं, 'परिशिष्ट २: शब्दसूची, १२ पानं', आणि लगेच त्या ओळीचा आरसा पुस्तकाच्या नोटमध्ये ठेवला. महिनाभरानं शब्द वाढले, आमचं बोलणं झालं, मी पुस्तकाच्या नोटमध्ये १२ चे १८ केले. पुढे मांडणी करताना लेखक म्हणाले, "आपलं मुळात १२ पानांचं ठरलं होतं, त्या हिशेबानं मी बाकीचं लिहिलं." मी ठामपणे म्हटलं, "नाही हो, पहिल्या मीटिंगपासून १८ आहेत, माझ्याकडे टिपण आहे," आणि टिपण उघडून तेच वाचून दाखवलं. वर तारीख पहिल्या मीटिंगची. खाली १८.

त्यांनी शांतपणे त्यांच्या वहीचा फोटो पाठवला. त्यांच्या अक्षरात १२.

टिपणातली ओळ आरसा होती, नाही का. मी पुस्तकाच्या नोटमध्ये वर्तमान बदलला आणि टिपणातला भूतकाळ गुपचूप बदलला. अ‍ॅपनं त्याचं काम चोख केलं होतं. चूक माझी. नोंद आणि काम या दोन गोष्टी एकसारख्या दिसतात म्हणून मी त्या एकच धरल्या. काम बदलायलाच हवं. ते जिवंत असतं, त्याची तारीख सरकते, पानं वाढतात. पण 'त्या दिवशी काय ठरलं' ही नोंद बदलली तर ती नोंदच उरत नाही. माझ्या धंद्यात ही गोष्ट मला शिकवायची गरज नव्हती. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना दुसऱ्या आवृत्तीत छापताना मी तिच्यातली आकडेवारी कधी अद्ययावत करत नाही. करायची असेल तर खाली वेगळी टीप येते. वहीचा फोटो बघताना मला ही प्रस्तावनाच आठवत होती.

त्या लेखकांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, होतं." पण पुढचे चार मेल त्यांनी 'ठरल्याप्रमाणे' असं लिहून, ठरलेलं सगळं पुन्हा उतरवून काढून पाठवले. ते मला बरोबर लागलं.

तिसरा प्रयोग दोन अ‍ॅप्स एकमेकांना जोडण्याचा होता, म्हणजे नोट्सचं एक आणि फोनवरच्या टास्कचं एक, मध्ये एक जोडणारी सेवा. इथे मी फार काळ टिकले नाही. पण जे घडलं ते शिकण्यासारखं आहे, कारण ते 'टिक' या छोट्याशा खुणेबद्दल आहे. दर आठवड्याला 'बॅकअप घेणे' असं माझं एक आवर्ती काम आहे. एका अ‍ॅपमध्ये त्यावर टिक केली की तीच ओळ पुढच्या आठवड्याच्या तारखेला सरकते. ओळ तीच, आतला क्रमांकही तोच, फक्त तारीख नवी. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टिक केली की ती ओळ कायमची बंद होते आणि पुढच्या आठवड्यासाठी नवी ओळ, नव्या क्रमांकाची, तयार होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या आहेत. पण मधल्या सेवेनं काय समजायचं? तिला एकीकडे काम बंद झालेलं दिसतं, दुसरीकडे तेच काम अजून उघडं. शिवाय एक अनोळखी ओळ आलेली, तर ती बिचारी तिची नक्कल पलीकडे करते. मग पलीकडची सरकते, अलीकडे नवी उगवते. सोमवारी सकाळी माझ्याकडे सात बॅकअप होते. म्हणजे बॅकअप घ्यायची सात कामं होती. बॅकअप एकही नव्हता.

कॅलेंडरवाल्यांनी हे आधीच भोगलेलं आहे. कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या आयकॅलेंडरच्या, २००९ साली आलेल्या आरएफसी ५५४५ या मानकात प्रत्येक नोंदीला एक यूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो, आणि मालिकेतल्या एखाद्याच फेरीबद्दल बोलायचं असेल तर त्यासाठी रिकरन्स-आयडी वेगळा. 'दर मंगळवारची मीटिंग' आणि 'या मंगळवारची मीटिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे. कामांच्या अ‍ॅपमध्ये हा विवेक सगळीकडे असेलच असं नाही.

सगळा खेळ शेवटी त्या आतल्या क्रमांकावर येतो. बऱ्याच ठिकाणी तो यूयूआयडी असतो: ३२ हेक्स अंक (० ते ९ आणि a ते f) आणि मधे ४ आडव्या रेघा, एकूण ३६ चिन्हं. ओळीचे शब्द, तारीख, जागा, सगळं बदललं तरी ओळ 'तीच' आहे हे त्या क्रमांकावरून ठरतं. आपण माणसं शब्दांवरून ओळखतो, यंत्र क्रमांकावरून. म्हणून 'प्र. ७ तळटिपा' आणि 'सातव्याच्या टिपा बघणे' या दोन ओळी मला एक वाटतात आणि यंत्राला दोन. आणि उलटही होतं: साध्या मजकुराच्या फाइलमध्ये क्रमांकही मजकुराचाच भाग असेल तर कॉपी-पेस्टमध्ये तोही सोबत येतो, आणि एकाच क्रमांकाचे दोन दावेदार उभे राहतात. हे मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा तर ते मिटवायला भाच्याला बोलवावं लागलं.

फोनला नेटवर्क नसताना केलेल्या बदलांबद्दल फार लिहीत नाही. तिकडे फोनवर एक बदल, इकडे लॅपटॉपवर दुसरा, आणि दोघांची भेट झाल्यावर कुणाचं खरं? काही अ‍ॅप्स 'शेवटचं लिहिलेलं खरं' म्हणून दुसरं पुसून टाकतात. काही दोन्ही प्रती ठेवून 'कॉन्फ्लिक्ट' अशी पाटी लावतात. मला दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो. शंका आली की सिंक करणारा प्रोग्रामही डुप्लिकेट करून ठेवतो, आणि त्या वेळी त्याचं बरोबर असतं.

आता सध्याची व्यवस्था. तिला व्यवस्था म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण गेले पाच महिने ती चालू आहे.

चौकोन एकाच ठिकाणी. म्हणजे टिक करायचा तो छोटा डबा कामाच्या घरीच असतो, आणि घर म्हणजे पुस्तकाची नोट. दुसरीकडे कुठेही चौकोन काढायचा नाही. मी तीन दिवस डोकं खाजवून शोधलेला हा एकमेव नियम. चौकोन नसला की खोटी टिक करता येत नाही. तारीखही तिथेच राहते.

आठवड्याच्या यादीत मी चाळणी लावून बघितली होती, 'या आठवड्यात तारीख असलेलं सगळं दाखव' अशी. दाखवलं तिनं, पण तारखेच्या क्रमानं. मला माझा क्रम हवा असतो. तळटिपा मी सकाळी करते, कारण दुपारनंतर मला स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांतला फरक दिसेनासा होतो. मेलना उत्तरं संध्याकाळी. हे 'आधी-मग' त्या कामाचं नाही, ते माझ्या त्या आठवड्याचं आहे. ते कामासोबत सिंक होण्याची गरजच नाही, उलट होऊच नये. म्हणून आता आठवड्याच्या पानावर माझ्या शब्दांत एक ओळ असते आणि तिच्यात घराकडे जाणारी लिंक. कालचीच ओळ देते:

'मंगळ सकाळ, आधी प्र९-चित्रं, परवानगीचं पत्र आलं नसेल तर सोडून पुढे.'

यातलं 'प्र९-चित्रं' ही लिंक. बाकीचं नुसतं बोलणं. शुक्रवारी हे पान मी निर्धास्तपणे पुसते, बोटांची जुनी सवय पुन्हा खरी झाली.

आणि हो, 'प्र९-चित्रं' असे संकेत मी स्वतः ठरवते. यूयूआयडी यंत्राला असू दे. मला वाचता येईल आणि सर्चमध्ये टाइप करता येईल असं नाव हवं, कारण फोनमधल्या अ‍ॅपला नोट्सच्या अ‍ॅपमधली लिंक कळत नाही. फोनवर फक्त आठवण लावते, तिच्यात संकेत आणि 'बघ' एवढंच: 'प्र९-चित्रं बघ'. काय करायचं, कधीपर्यंत, ते तिथे लिहीतच नाही. फोन गुरगुरला की मला घरी जाऊन बघावं लागतं. घरी तारीख बदललेली असली तर ती तिथे दिसते. एक टप्पा वाढला, मान्य. पण १९ आणि १२ चा घोळ पुन्हा झाला तर तो एका जागी होईल. तारीख अलीकडे आली तर आठवण उशिरा वाजण्याचा धोका आहेच, म्हणून तारखेच्या चार दिवस आधीची आठवण लावते. हे ठिगळ आहे, मला माहितीय.

मीटिंगचं टिपण गोठवलेलं असतं. साधा मजकूर, वर तारीख, कुठलाही आरसा नाही. ओळीच्या शेवटी घराची लिंक, ती फक्त 'पुढे याचं काय झालं' ते बघायला. टिपणात बदल करायचाच असेल तर खाली नव्या तारखेची ओळ. आणि आरसे? ते मी एकाच गोष्टीसाठी ठेवलेत. प्रत्येक प्रकाशनाची लेखनशैलीची पानभर सूत्रं असतात: अनुस्वार कुठे, अवतरणचिन्हं कुठली, संख्या अंकांत की अक्षरांत. ती मला प्रत्येक पुस्तकाच्या नोटमध्ये वरच हवीत आणि बदलली तर सगळीकडे बदललेलीच हवीत, त्यांचा भूतकाळ मला नको. तिथे आरसा शोभतो. तरीही त्याला मी हात लावत नाही, खिडकीसारखाच वापरते, आणि बदल एका मूळ पानावरच जाऊन करते.

भाच्याला हे सगळं दाखवलं. त्यानं बराच वेळ स्क्रोल करून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, एवढं हातानं करण्यापेक्षा मी तुला एक स्क्रिप्ट लिहून देतो, दहा मिनिटांचं काम आहे."

"त्यात चौकोन किती असतील?"

"प्रत्येक ठिकाणी एक. सगळे सिंक्ड."

मी त्याला चहा दिला.

गेल्या शुक्रवारी पुन्हा मोजलं. उघडी कामं ९७, एकापेक्षा जास्त ठिकाणी ९. त्यातली सहा मी मुद्दाम ठेवलीत आणि का ठेवलीत ते प्रत्येकीखाली लिहिलंय. दोन विसरून राहिली होती, ती काढून टाकली. नववी आहे 'डुप्लिकेट कामं शोधून काढणे'. ती पुस्तकांच्या नोटच्या वरच्या पानावर आहे आणि फोनवरही आहे, दोन्हीकडे चौकोन आहे, आणि एकीकडे टिक झालेली आहे.